पत्रक छान आहे बाई, पण वास येणार का?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारची वेळ होती. मी पडवीत सुपात डाळ घेऊन निवडत बसले होते. नगरपालिकेतले एक साहेब दारात येऊन उभे राहिले. सोबत एक फाईल आणि एक शिपाई. मला वाटलं, घरपट्टीचं काहीतरी राहिलं असेल. पण साहेब हसून म्हणाले, ''बाई, तुम्ही तीस वर्षं मराठी शिकवलंत. तुमच्यासारखी भाषा गावात कुणाची नाही. आमचं एक छोटंसं काम करा. एक पत्रक लिहून द्या.''

निवृत्त झाल्यावर कुणी असं काम सांगितलं की जीव कसा सुपाएवढा होतो, ते निवृत्त झालेल्यांनाच कळेल. मी लगेच हो म्हटलं.

काम होतं खतप्रकल्पाचं. गावाचा ओला कचरा एका जागी नेऊन त्याचं खत करायचं. जागा ठरली होती माळावरच्या वस्तीमागची. तिथल्या लोकांनी विरोध करू नये म्हणून त्यांना समजावून सांगणारं पत्रक हवं होतं. मी रात्री बसून लिहिलं. 'हरित, निर्मल आणि सुंदर शहराच्या दिशेने एक दमदार पाऊल!' खाली, 'पर्यावरणपूरक, अत्याधुनिक, दुर्गंधीमुक्त प्रकल्प.' शेवटी भूमातेचं ऋण वगैरे. साहेब खूश झाले. गुळगुळीत कागदावर, हिरव्या शाईत पत्रक छापून आलं. खरं सांगते, चार प्रती मी बहिणींना दाखवायला घरात ठेवून घेतल्या.

मग वस्तीतल्या समाजमंदिरात सभा झाली. पुढे पुरुष, मागे बायका. साहेब बोलले, इंजिनिअर बोलले. ''कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा,'' असं म्हटल्यावर मागून एक जण उभी राहिली. तिच्या दोन्ही मुली माझ्या हाताखाली शिकलेल्या. हातात पत्रकाची घडी. म्हणाली, ''पत्रक छान आहे बाई, पण वास येणार का?''

मी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी इंजिनिअरकडे बघितलं. इंजिनिअर म्हणाले, ''तसा फारसा नाही येणार.''

''फारसा नाही म्हणजे किती?''

सभेत हशा पिकला. ती मात्र हसली नाही. म्हणाली, ''बाईंनी दुर्गंधीमुक्त लिहिलंय. मुक्त आहे तर मग तुमच्या कॉलनीमागचा प्लॉट रिकामाच आहे की. तिथं का नाही करत?''

याला उत्तर नव्हतं. सभा उठली. दुसऱ्या दिवशी वस्तीच्या रस्त्यावर दगड लावलेले होते आणि माझी गुळगुळीत पत्रकं गटारात तरंगत होती.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी आयुष्यात एकही खतप्रकल्प पाहिलेला नव्हता. तिथं वास येतो की नाही, मला कसं ठाऊक? मग 'दुर्गंधीमुक्त' मी लिहिलंच का? 'पर्यावरणपूरक, अत्याधुनिक' यांच्यामागे ते ठेक्यात बसत होतं म्हणून! विद्यार्थ्यांच्या निबंधात असा शब्द सापडला असता तर मी त्याखाली लाल रेघ ओढली असती.

तेव्हापासून मला नादच लागला. गावाच्या भल्याच्या म्हणून ज्या योजना येतात, त्या शब्दांनी कशा उभ्या राहतात आणि शब्दांनीच कशा पडतात, ते मी वाचत गेले, विचारत गेले. त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगते. कारण अशी पत्रकं तुमच्याही दारात येतात. आणि कधी कधी ती लिहायची वेळही आपल्यावर येते. बचत गटाची असो, महिला मंडळाची असो.

नावात काय नाही?

आधी साधी नावं बघा. 'घंटागाडी' हा शब्द आता आपल्या इतका अंगवळणी पडलाय की त्याचं कौतुक वाटत नाही. नव्वदच्या दशकात नाशिकची घंटागाडी गाजली आणि मग गावोगावी गेली. या नावात कचरा हा शब्दच नाही. आहे ती घंटा. देवळातली, शाळेतली, आईस्क्रीमच्या गाडीवरची. घंटा वाजली की बाहेर यायचं, हे लहान मुलालाही सांगावं लागत नाही. नावातच सूचना आली.

आता दुसरा शब्द घ्या, 'कचरा डेपो'. डेपो म्हटलं की एस.टी.चा डेपो आठवतो. गाड्या येतात, गाड्या जातात. पण कचरा डेपोत कचरा येतो तो जात नाही. तिथंच राहतो, कुजतो, धुमसतो. पुण्याजवळच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विचारा. शहराचा कचरा आपल्या शिवारात नको म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. कागदावर तो 'डेपो' होता. ज्यांच्या विहिरी शेजारी होत्या त्यांच्यासाठी तो उकिरडा होता. एकाच जागेची ही दोन नावं. कुठलं नाव वापरायचं ते आपण कुठे राहतो यावर ठरतं!

आमच्या सिंधुदुर्गातल्या मैत्रिणी वेंगुर्ल्याचं उदाहरण अभिमानाने सांगतात. जेमतेम बारा हजार वस्तीचं गाव. २०१५ नंतर तिथल्या नगरपरिषदेने, तेव्हाचे मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या पुढाकाराने, घरातच कचरा चार प्रकारांत वेगळा करायची सवय लावली. ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि खत, प्लास्टिकचा वापर रस्त्यांच्या डांबरात. जिथं नाक धरून जावं लागायचं ती जागा लोक बघायला येऊ लागले. तिथं आधी जागा बदलली आणि मग तिच्याविषयीचं बोलणं बदललं. आमच्याकडे आम्ही उलटं केलं. आधी बोलणं बदललं, जागा बदलायची राहूनच गेली.

एकच पाणी, दोन नावं

कचऱ्याचं सोडा, पाण्याचं बघा. ऑस्ट्रेलियात टूवुम्बा नावाचं डोंगरमाथ्यावरचं शहर आहे. बागांचं शहर म्हणून प्रसिद्ध. वस्ती लाखभराच्या आसपास. या शतकाच्या सुरुवातीला तिथं मोठा दुष्काळ पडला. धरणं आटली. तिथल्या महापौर डाय थॉर्ली, म्हणजे एक बाईच, त्यांनी योजना मांडली की गावाचं सांडपाणी अतिशय बारीक गाळण्यांतून शुद्ध करून पुन्हा धरणात सोडायचं आणि पिण्यासाठी वापरायचं. शास्त्र पक्कं होतं. पण विरोधकांनी आपल्या संघटनेचं नावच ठेवलं, 'सांडपाणी पिण्याविरुद्ध नागरिक'. झालं! आता या नावापुढे कितीही आकडे मांडा, ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र. लोकांना नीट दाखवायला, समजावायला जो वेळ लागणार होता तो मिळाला नाही आणि जुलै २००६ मध्ये सार्वमत झालं. शंभरातल्या जवळजवळ बासष्ट जणांनी 'नाही' म्हटलं. पुढे लांबच्या धरणातून नळ टाकून पाणी आणावं लागलं.

आता सिंगापूर. तिथंही पाण्याची टंचाई. शेजारच्या मलेशियातून पाणी विकत घ्यायचं. त्यांनीही सांडपाणी शुद्ध करायचं ठरवलं. पण त्यांनी 'सांडपाणी' हा शब्दच व्यवहारातून काढून टाकला. त्याला म्हणायचं 'वापरलेलं पाणी'. शुद्ध झालेल्या पाण्याला नाव दिलं 'न्यूवॉटर', नवं पाणी. २००२ च्या राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात त्याच्या हजारो बाटल्या लोकांना वाटल्या. पंतप्रधानांनी स्वतः ते पाणी प्यायलं. मग २००३ मध्ये लोकांना आणि शाळेच्या मुलांना आत जाऊन बघता येईल असं केंद्र उघडलं. आज ते पाणी मुख्यतः कारखान्यांना जातं, थोडं धरणांत मिसळतं आणि लोक ते निमूटपणे पितात.

ही गोष्ट मी मंडळात सांगितली तेव्हा एक वहिनी म्हणाल्या, ''म्हणजे काय, नाव गोड ठेवलं की लोक काहीही पितात!''

तसं नाही हो वहिनी. नुसतं नाव असतं तर चार दिवसांत उघडं पडलं असतं. त्या नावामागे दोन वर्षं तज्ज्ञांनी केलेली तपासणी होती. आत येऊन बघा, असं उघडं दार होतं. हेही खरं की सिंगापुरात सरकारचा शब्द मोठा, वर्तमानपत्रंही त्याच सुरात बोलणारी. टूवुम्बासारखा मोकळा विरोध तिथं झालाच नाही. तेव्हा तिथं लोकांना पटलं किती आणि गप्प बसले किती, हा प्रश्न उरतोच.

आणि आपल्याकडे तरी वेगळं काय? न्हाणीघरातलं पाणी केळीला, भाजी धुतलेलं पाणी अळूला, हे आपल्या आज्या करतच होत्या. त्याला त्या कधी 'सांडपाण्याचा पुनर्वापर' म्हणाल्या नाहीत. 'केळीला सोडलं' म्हणाल्या. शब्द साधा होता आणि केळी दारातच दिसत होती. विश्वास बसायला आणखी काय लागतं?

कागद, काच, पत्रा

शब्दांनी माणसाची किंमतही ठरते. आपल्या दाराशी कचरा घ्यायला जी येते तिला आपण काय म्हणतो? ''आई, कचरेवाली आली!'' अहो, कचरा तर आपला. ती तर तो नेणारी. मग कचरेवाल्या आपण की ती?

पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली. डॉ. बाबा आढाव आणि एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणातून आलेल्या कार्यकर्त्या तिच्या पाठीशी होत्या. सभासद बहुतेक बायका. संघटनेचं नाव काय ठेवलं? 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. या नावात कुठे 'कचरा' दिसतो? नाही दिसत. दिसतो तो माल. कागद, काच, पत्रा. ज्याला बाजारात भाव आहे. आणि दिसतात कष्ट. आम्ही घाण चिवडत नाही, आम्ही माल वेगळा करतो, आम्ही कामगार आहोत. एवढं सगळं पाच शब्दांत. मग ओळखपत्रं आली. याच बायकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी करार करून त्या घरोघरी कचरा गोळा करू लागल्या. ओला वेगळा, सुका वेगळा का, हे होर्डिंगपेक्षा दारात उभ्या असलेल्या बाईनं सांगितलेलं जास्त पटतं. कारण मिसळलेल्या बादलीत हात तिला घालावा लागतो.

या बायकांनी आणखी एक अवघड विषय काढला. आपले वापरलेले सॅनिटरी पॅड. उघडे, कसेही टाकलेले. ते हाताने वेगळे करायचे म्हणजे काय यातना, याचा आपण बायका असूनही कधी विचार केला नव्हता. २०१३ मध्ये त्यांनी असे पॅड थेट बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले. २०१६ च्या कचऱ्याच्या नियमांत कंपन्यांनी ते गुंडाळायला पाकीट द्यावं, असं आलं. पुढे २०१७ मध्ये 'रेड डॉट' मोहीम निघाली. पॅड कागदात गुंडाळायचं, पुडीवर लाल ठिपका काढायचा. बस्स. व्याख्यान नाही, घोषणा नाही. लाजून न बोलणाऱ्या बाईलाही जमेल आणि वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल. मला विचाराल तर एवढं छोटं आणि एवढं नेमकं पत्रक मी दुसरं पाहिलं नाही. एक ठिपका!

'सगळेच टाकतात'

आमच्या भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर 'येथे कचरा टाकू नये' अशी पाटी आहे. गावातला सर्वांत मोठा ढीग त्या पाटीखालीच असतो. पुढे दंडाचा आकडा लिहिला, मग गाढवाचं चित्र काढलं, मग देवांच्या फरशा लावल्या. ढीग दोन फूट सरकला, एवढंच.

असं का होतं, याचा एक मजेदार प्रयोग अमेरिकेत झाला. अरिझोना राज्यात हजारो-लाखो वर्षांत दगड झालेल्या प्राचीन झाडांचं राष्ट्रीय उद्यान आहे. येणारे लोक आठवण म्हणून एखादा तुकडा खिशात घालतात. रॉबर्ट चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. एका पाटीचा आशय असा होता की आजवर पुष्कळ लोकांनी तुकडे उचलून नेल्यामुळे या जंगलाचं रूप बदललं. दुसरीवर साधी विनंती होती, कृपया उचलू नका. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. दुसऱ्या पाटीजवळ शंभरात दोनही तुकडे गेले नाहीत. पहिल्या पाटीजवळ जवळजवळ आठ गेले! का? कारण पहिली पाटी वाचून माणसाच्या मनात आलं, अरे, सगळेच नेतात. मग मीच काय घोडं मारलंय?

त्यांचाच पुढचा अभ्यास हॉटेलातला आहे, २००८ सालचा. टॉवेल रोज धुवायला टाकू नका, पर्यावरण वाचवा, असं कार्ड ठेवलं तर शंभरातले पस्तीस पाहुणे टॉवेल पुन्हा वापरत. इथले बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात, असं कार्ड ठेवल्यावर चव्वेचाळीस. आणि त्याच खोलीत पूर्वी राहिलेले पाहुणे तसं करत, असं सांगितलं तर त्याहूनही जास्त.

म्हणजे पर्यावरणापेक्षा शेजारीण मोठी! आपल्याला हे काही नवीन नाही. समोरच्या काकूंनी कुंडीत खत करायला घेतलं, त्यांची मोगऱ्याची फुलं बघितली, की पुढच्या महिन्यात गल्लीत चार कुंड्या वाढतात. म्हणून 'गावातले लोक कचरा वेगळा करतच नाहीत' अशी बातमी आपण ओरडून सांगतो तेव्हा आपण लोकांना सुधारत नाही, सूट देतो. त्यापेक्षा 'तुमच्या गल्लीतल्या बारा घरांनी सुरू केलंय' हे सांगावं. पण ती बारा घरं खरी हवीत हं! नाहीतर पुन्हा माझ्या दुर्गंधीमुक्तसारखं व्हायचं.

विशेषणं काढा, क्रियापदं विचारा

शब्दांची दुसरी बाजूही बघायला हवी. सगळ्याच चांगल्या शब्दांच्या मागे चांगलं काम असतं असं नाही. 'सुशोभीकरण', 'सौंदर्यीकरण', 'विकसन', 'सुधार'. तलावाचं सुशोभीकरण म्हणजे कधी गाळ काढणं असतं आणि कधी नुसता सिमेंटचा कठडा आणि कारंजं. पुण्यात मुळा-मुठेच्या बाबतीत हेच झालं. नदीत येणारं मैलापाणी शुद्ध करायची एक योजना आणि काठ बांधून तिथं फिरायला रस्ते, बागा करायची दुसरी. दोन्हींची नावं ऐकायला सारखीच वाटतात. 'नदी सुधार' म्हटल्यावर सामान्य माणसाला वाटणार, नदी स्वच्छ होणार. काठावरच्या झाडांचं काय, पुराच्या पाण्याचं काय, असे प्रश्न विचारत एप्रिल २०२३ मध्ये पुणेकरांनी झाडांसाठी चिपको मोर्चा काढला. योजनेचे समर्थक म्हणतात, शहराला नदीशी जोडतोय. विरोधक म्हणतात, नदीला आवळताय. कोण बरोबर हे नकाशा आणि पाण्याची पातळी सांगेल, 'सुधार' हा शब्द नाही सांगणार.

मराठीची बाई म्हणून मला एक युक्ती सुचते. कुठलंही पत्रक हातात आलं की पेन्सिल घ्या आणि सगळी विशेषणं खोडा. हरित, स्मार्ट, अत्याधुनिक, जागतिक दर्जाचे. मग क्रियापदं शोधा. खोदणार, ओतणार, तोडणार, लावणार, उचलणार, धुणार. कोण करणार? कधी करणार? बिघडलं तर कोण दुरुस्त करणार? खर्च कुणाकडून घेणार? उत्तरं सापडली तर पत्रक खरं. विशेषणं खोडल्यावर कागद कोराच राहिला, तर समजून जा!

कराडला लागून असलेल्या मलकापूरने २००९ च्या सुमाराला चोवीस तास पाण्याची योजना केली. ''चोवीस तास पाणी'' ऐकायला कुणाला नको? पण त्याच्या जोडीला प्रत्येक नळाला मीटर होता. जेवढं वापराल तेवढं बिल, जास्त वापराल तर दरही चढता. गोड बातमीच्या मागे कडू बातमी लपवता आली असती. पण मीटर काही लपत नाही. पहिल्या बिलालाच दिसतो. म्हणून किंमत आधी सांगितलेली बरी.

दुसरं पत्रक

आता आमच्या गावाकडे येते.

सभा उधळल्यावर पंधरा दिवसांनी मी साहेबांना म्हटलं, ''मला आधी एक चालू खतप्रकल्प दाखवा.'' ते शेजारच्या तालुक्यात घेऊन गेले. मी एकटी गेले नाही. वस्तीतल्या 'त्या' बाईला आणि तिच्याबरोबर आणखी चौघींना घेऊन गेले. तिथला मुकादम सरळ माणूस होता. म्हणाला, ''बाई, कचरा नुसता ओला आला, त्यात वाळका पाला मिसळला, ढीग वेळेवर वरखाली केला, तर पावसाच्या मातीसारखा वास येतो. प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंडून आला, तर आत हवा जात नाही. मग तो सडतो, काळं पाणी सुटतं आणि उभं राहवत नाही.''

परतताना जीपमध्ये ती बाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, ''म्हणजे आमच्याकडे वास येणार की नाही, ते तुमच्या कॉलनीतल्या बायका ठरवणार.''

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी पत्रक चुकीच्या दारात वाटलं होतं! ज्यांच्या अंगणात प्रकल्प येणार त्यांना मी गोड बोलून पटवत बसले होते. त्यांना पटवायचं काही नव्हतंच. त्यांना खरं सांगायचं होतं. पटवायचं होतं ते आम्हाला, कॉलनीवाल्यांना. ज्यांची बादली त्यांना.

मग दोन पत्रकं लिहिली. साध्या कागदावर, काळ्या शाईत. वस्तीच्या पत्रकात एकही विशेषण नव्हतं. रोज किती गाड्या येणार, किती वाजता येणार. पावसाळ्यात वास येईल, विशेषतः पहिल्या दोन महिन्यांत, हे स्पष्ट लिहिलं. साहेब म्हणाले, ''हे कशाला लिहिता? लोक बिथरतील.'' मी म्हटलं, ''नाही लिहिलं म्हणून वास यायचा राहणार आहे का?'' देखरेखीला वस्तीतल्या पाच बायकांची समिती. मिसळलेली गाडी आली तर ती परत पाठवायचा त्यांना हक्क. आणि हे सगळं नगरपालिकेच्या ठरावात लिहून घ्यायचं, ही अट त्यांनीच घातली. सहा महिन्यांसाठी वस्ती तयार झाली. नुसती करून बघायला.

कॉलनीचं पत्रक त्याहून छोटं. 'तुम्ही आज भाजीच्या देठांबरोबर दुधाची पिशवी टाकलीत तर ती माळावरच्या वस्तीतल्या एका बाईला हाताने काढावी लागेल. ती नाही काढली तर तिच्या घरात वास जाईल.' एवढंच.

सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते पुन्हा दुर्गंधीमुक्त व्हायचं. पहिल्याच पावसात वास सुटला. आमच्याच कॉलनीतून पिशव्या बांधलेला कचरा जात होता. समितीने दोन दिवस फाटक बंद ठेवलं. गाड्या परत आल्या. दोन दिवस आमच्या दारांतल्या बादल्या तशाच. माशा घोंघावू लागल्या. जे पत्रकाने झालं नव्हतं ते त्या दोन दिवसांनी झालं. पलीकडच्या काकू, ज्या म्हणायच्या ''आम्ही पट्टी भरतो ना,'' त्या तिसऱ्या दिवशी दोन बादल्या घेऊन आल्या. एक हिरवी, एक निळी.

आजही शंभर टक्के वेगळा होतो असं नाही. सणावारी गडबड होते, भाड्याने नवीन आलेल्यांना सांगावं लागतं. पण प्रकल्प चालू आहे. गेल्या वर्षी वस्तीतल्या बायकांच्या गटाने खत पिशव्यांत भरून आठवडी बाजारात विकलं.

परवा ती भेटली बाजारात. मी म्हटलं, ''काय गं, येतो का वास?''

हसली आणि म्हणाली, ''येतो की बाई. पण तुम्ही सांगितला होता तेवढाच.''